कपाटाचा चटका आणि कूलरचा करंट

आमच्या ऑफिसात दोन ठिकाणी ‘शॉक’ लागायचा. जानेवारीत फायलींच्या लोखंडी कपाटाला, आणि जुलैत पॅन्ट्रीतल्या वॉटर कूलरच्या नळाला. कपाटापाशी लोक ओरडायचे. कूलरबद्दल मात्र ‘जरा झिणझिण्या येतात, चप्पल घालून जा’, एवढंच! घाबरायला हवं होतं ते नेमकं कूलरला.

कपाट बिचारं निर्दोष असतं. वीज असते ती आपल्याच अंगावर. खुर्चीचं कापड पॉलिस्टरचं, पँटही तशीच. उठताना दोन्ही एकमेकांपासून सुटतात आणि अंगावर विजेचा भार (चार्ज) जमतो. रबरी तळव्याचे बूट तो जमिनीत उतरू देत नाहीत. मग बोट कपाटाजवळ गेलं की टेकायच्या आधीच ‘चट्’. हवेत मिलिमीटरभर ठिणगी उडायलाही साधारण 3,000 व्होल्ट लागतात. आकडा भयंकर वाटतो, पण साठा इतका चिमूटभर की पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतो. लगेच पुन्हा हात लावा, काही होत नाही.

कूलरमध्ये 230 व्होल्टच असतात, पण त्यामागे अख्खी लाइन उभी असते. आतल्या वायरचं इन्सुलेशन खराब झालं की वीज बॉडीत उतरते, आणि अर्थिंग, म्हणजे अशी वीज जमिनीत नेणारी जोडणी, धड नसेल तर ती तुमच्यातून जमिनीकडे वाट काढते. ठिणगी नाही, आवाज नाही. हात टेकलेला आहे तोवर नुसती थरथर. साधारण 10 मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आवळले जातात आणि धरलेला नळ सोडवत नाही.

गंमत म्हणजे पाऊस आणि चप्पल दोन्हीकडे उलटं काम करतात. दमट हवेत अंगावरचा भार टिकत नाही, म्हणून चटके हिवाळ्यात, नाहीतर एसीने कोरड्या पडलेल्या हवेत. ओली फरशी आणि ओले हात मात्र कूलरसारख्या वीजगळतीचा शॉक वाढवतात. रबरी चप्पल चटका वाढवते, आणि गळती असली तर ती लपवते. त्या ‘चप्पल घालून जा’चा मला राग येतो तो म्हणूनच.

धातूच्या लॅपटॉपवर बोट हलकेच फिरवलं की जी बारीक गुणगुण जाणवते, ती या दोन्हींहून वेगळी. दोन पिनांच्या चार्जरमधल्या फिल्टरमधून किंचित करंट येतोच. तीन पिनांची केबल आणि नीट अर्थिंग असलेला सॉकेट वापरला की बहुधा थांबते.

चटक्यावर उपाय घरगुतीच. खुर्चीचा धातूचा भाग धरून उठायचं, किंवा कपाटाला आधी किल्ली टेकवायची: ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला कळतही नाही. झिणझिण्यांवर घरगुती उपाय नाही. ‘बघू परत येतो का’ म्हणून हात लावायचा नाही. भिंतीवरचं बटण बंद करायचं, प्लग काढायचा, इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट बघतो, अंगातून जाणारा करंट नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो.

आमच्या कूलरचा प्लग उघडला तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून आत दुमडलेली निघाली.