रान माझं, मग बोअर कितीही खोल?

लातूरकडं कुठंही टेका, हे वाक्य ऐकू येतंच : ‘रान माझं, तर खालचं पाणीबी माझं.’ पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्याच्या, तळहातावर नारळ उभा राहिला की बोअर पाडायची गाडी बोलवायची आणि 600-700 फूट जायचं.

हा समज हवेतून आलेला नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं जमीनमालकाला खालचं झिरपणारं पाणी काढायची मुभा दिली होती. आपण अजून तिथंच अडकलोय. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम 2009 चा, 1 जून 2014 पासून लागू. त्यात शेतीसाठी वा कारखान्यासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा खोल विहीर खोदायला मनाई आहे. बोअरही विहिरीतच मोडतो. गाडीवाल्यालाही नोंदणी लागते. ‘ही अट सरकारी बोअरलाच’ असं सांगणारा बहुतेक वेळा गाडीवालाच असतो!

200 फूटच का? आपल्याकडं खाली काळा पाषाण. पावसाचं पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि फुटक्या खडकात. खोल भेगेतलं पाणी जुनं, साठलेलं. एकदा उपसलं की भरायला पिढ्या जातात. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा खोल बोअर काही कमी नव्हते.