शिकारी हातकुऱ्हाड

हातकुऱ्हाड म्हणजे एका हाताने चालवायची, कमरेला किंवा पाठपिशवीत मावणारी लहान कुऱ्हाड. तिच्या पात्याचे वजन साधारण 450 ते 700 ग्रॅम आणि दांडा 30 ते 50 सेंटिमीटर असतो. रानात मुक्कामाला निघालेल्या शिकाऱ्याला तिच्याकडून दोन तऱ्हेची कामे हवी असतात. एकीकडे जळण फोडायचे, तंबूच्या खुंट्या तासून ठोकायच्या, आडवी आलेली फांदी तोडायची. दुसरीकडे मोठे जनावर पडले की त्याचे कातडे सोडवायचे आणि हाडे उघडायची. लाकूड फोडायला पाचरीसारखे जाड पाते बरे पडते, तर तासायला आणि कापायला सुरीसारखे पातळ. एकाच पात्यात दोन्ही पुरेपूर साधत नाही. म्हणून हातकुऱ्हाड निवडताना कोणत्या कामात थोडे कमी पडलेले चालेल, ते आधी ठरवावे लागते.

हा प्रकार मुख्यतः उत्तर अमेरिका आणि स्कँडिनेव्हियाच्या जंगलांत घडत गेला. ‘टोमाहॉक’ म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची हलकी कुऱ्हाड. हा शब्द उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या अल्गोंक्वियन भाषांतून आला. युरोपीय व्यापाऱ्यांनी लोखंडी पाती आणली आणि फरच्या व्यापारात त्यांची देवघेव होऊ लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात शहरातली माणसे हौसेने रानात राहायला जाऊ लागली, तेव्हा हलक्या कुऱ्हाडीची गरज भासली. ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (1821–1890) लहानशी दुधारी कुऱ्हाड बाळगत. तिची एक धार लाकडासाठी पातळ, तर दुसरी हाडांसाठी आणि लाकडातल्या गाठींसाठी जाडसर होती. युक्ती चांगली, पण दुधारी पात्याला पाठ, म्हणजे धारेच्या उलटी बोथट बाजू, नसते. त्यामुळे खुंटी ठोकायची पंचाईत होते आणि हात उचलला की एक धार कायम आपल्याच कपाळाकडे असते. मिशिगनमधल्या ग्लॅडस्टोन गावच्या वेबस्टर मार्बल यांनी धारेवर मिटणारे धातूचे झाकण असलेली खिशातली कुऱ्हाड काढली. तिचे पेटंट 1898 चे आहे.

आज या प्रकाराचा नमुना म्हणून बहुधा स्वीडिश कुऱ्हाडी दाखवल्या जातात. हुल्ट्स ब्रुक हा तिथला कारखाना 1697 पासूनचा, तर ग्रेन्सफोर्स ब्रुक 1902 पासूनचा. ग्रेन्सफोर्सच्या पात्यावर ते घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरे ठोकलेली असतात. त्यांच्या शिकारी कुऱ्हाडीचा दांडा सुमारे 48 सेंटिमीटरचा असून पात्याची पाठ चौकोनी न ठेवता गोलसर आणि गुळगुळीत केलेली असते. कारण पुढे येईल. अमेरिकेत रॉकफर्डच्या एस्टविंगने (स्थापना 1923) पाते आणि दांडा एकाच पोलादातून घडवला आणि मुठीवर चामड्याच्या चकत्या ओवल्या. ही कुऱ्हाड दांड्यातून निसटूच शकत नाही, मात्र घाव घातला की झटका थेट मनगटात येतो. फिनलंडच्या फिस्कार्सचा पोकळ प्लास्टिकचा दांडा हलका आणि दणकट आहे, पण तो मोडलाच तर रानात दुसरा घालता येत नाही.

पारख

कुऱ्हाड हातात घेतली की आधी दांडा पाहावा, पाते नंतर. दांड्याच्या बुडाला लाकडाच्या वलयांच्या रेघा दिसतात. त्या पात्याच्या रेषेत उभ्या असाव्यात. आडव्या असल्या तर दांडा घावाच्या जोराने चिरण्याची भीती असते. मग दांडा आडवा धरून रेषा बुडापासून नेढ्यापर्यंत, म्हणजे पात्यातल्या दांडा बसवायच्या भोकापर्यंत, सलग जातात का ते पाहावे. मध्येच एखादी रेष तिरकी होऊन कडेला बाहेर पडली असेल, तर दांडा मोडेल तो तिथेच. चकचकीत वॉर्निश हा गुण समजू नये. त्याने तळहाताला फोड येतात. काचेच्या तुकड्याने ते खरवडून जवसाचे तेल मुरवले की मूठ हाताला बसते.

परदेशात दांड्याला हिकरीचे लाकूड मानाचे. आपल्याकडे तो मान धावड्याचा, खालोखाल तिवस आणि बाभूळ. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण फितुरीवर असली तरी लाकडाच्या जाणकारीतूनच आलेली आहे.

दांडा नेढ्यात बसवायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत तो खालून घालून वरच्या टोकाला चीर पाडतात आणि तिच्यात पाचर ठोकतात. दुसऱ्या पद्धतीत नेढे वर रुंद आणि खाली अरुंद ठेवून दांडा वरून ओवतात. मग प्रत्येक घावाबरोबर पाते अधिकच घट्ट होते. टोमाहॉकचे असेच, आणि आपल्याकडच्या कितीतरी गावठी कुऱ्हाडींचेही. रानात दांडा मोडला तर एखादी सरळ फांदी तासून ओवता येते, ही या पद्धतीची खरी कमाई.

पात्याचे गाल फार फुगीर नसावेत. फुगीर पाते लाकूड फोडते, पण आडव्या तंतूंत शिरायला मागत नाही, नुसतेच उसळी मारते. उसळलेली कुऱ्हाड कुठे जाईल ते सांगता येत नाही.

वापर

लहान कुऱ्हाड सोपी आणि मोठी धोक्याची, असा समज सर्रास आढळतो. तो उलटा आहे. लांब दांड्याची कुऱ्हाड नेम चुकला तर बहुधा पुढ्यातल्या जमिनीत रुतते. हातकुऱ्हाडीचा फेरा आखूड असल्याने तोच घाव उभ्या माणसाच्या गुडघ्यावर किंवा नडगीवर येतो. ‘आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे’ हा वाक्प्रचार या अवजाराच्या बाबतीत अक्षरशः खरा होऊ शकतो. म्हणून जाणकार माणूस हातकुऱ्हाड चालवताना गुडघे टेकून बसतो आणि पुढे ओंडका ठेवतो. तोडायचे लाकूड ओंडक्याच्या पलीकडच्या कडेवर येते, म्हणजे चुकलेला घाव ओंडक्यात किंवा मातीत जातो.

मनगटाएवढे लाकूड फोडायला हवेत घाव घालायचीही गरज नसते. कुऱ्हाडीची धार लाकडाच्या टोकाला लावून दोन्ही एकत्र धरायचे, दोन्ही मिळून ओंडक्यावर आपटायचे आणि धार शिरली की मनगटाला किंचित पीळ द्यायचा. लाकूड ‘टक्’ करून उकलते. ओल्या दिवसांत ही रीत फार कामाची. बाहेरून भिजलेल्या वाळक्या लाकडाचा गाभा कोरडा असतो, आणि विस्तव धरतो तो गाभ्याच्या बारीक चिरफळ्यांना. फांदी तोडताना घाव काटकोनात न घालता तिरका घालावा, एकदा या बाजूने, एकदा त्या. ढलपी उडाली पाहिजे. नुसता चेंदा होत असेल तर कोन तरी चुकतो आहे किंवा धार गेली आहे.

कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळपणे वागते, आणि गोठलेल्या गाठीवर धारेचा तुकडा उडू शकतो. म्हणून उत्तरेकडचे लोक काम सुरू करण्याआधी पाते कोटाच्या आत धरून उबवतात. शेकोटीवर मात्र धरू नये. धारेला खांडे पडले तर कानस आणि धारेचा दगड पुरतो. विजेच्या चाकावर पाते तापून निळी झाक आली की धारेचे पाणी, म्हणजे तिला दिलेला कठीणपणा, उतरले असे समजावे. मग ती कितीही घासली तरी टिकत नाही. दांडा ढिला झाला की पाते रात्रभर पाण्यात बुडवायचे, हा उपाय खेडोपाडी चालतो. लाकूड फुगते आणि सकाळी दांडा घट्ट लागतो खरा, पण फुगताना नेढ्यात चेंगरलेले तंतू वाळल्यावर आणखी आक्रसतात आणि आठवडाभरात तो आधीपेक्षा जास्त हलू लागतो. त्यापेक्षा नवी पाचर ठोकावी.

शिकारीत कुऱ्हाडीचे काम लोकांना वाटते त्याहून नाजूक आहे. स्वीडनमधला मूस हा हरणवर्गातला थोराड प्राणी 300 किलोंच्या पुढे जातो. त्याचे कातडे सुरीने सोडवताना टोक मांसात किंवा कातड्यात घुसते. गोलसर पाठ इथे कामी येते. एका हाताने कातडे ताणायचे आणि पाठीने आतली पातळ त्वचा रेटत जायचे, म्हणजे काही न कापता कातडे सुटत जाते. धारेचे काम त्यानंतर, उरोस्थी (छातीचे मधले हाड) आणि कटिर (कमरेचे हाड) उघडताना. तिथेही घाव घालण्यापेक्षा धार हाडावर टेकवून पाठीवर लाकडाने ठोकणे चांगले, नाहीतर हाडाच्या कपच्या मांसात जातात. याच कारणाने अनेक शिकारी आता या कामाला करवत पसंत करतात. नॉर्वेत 2016 मध्ये रेनडिअरमध्ये मेंदूचा एक असाध्य संसर्गजन्य रोग सापडला. हरणवर्गातल्या या रोगाचा वावर असेल तिथे कवटी आणि कणा कापूच नयेत, असे सांगितले जाते.

महाराष्ट्रात

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्याने शिकारी कुऱ्हाडीला इथे त्या नावाचे काम उरलेले नाही. राखीव वनात झाड तोडणे 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. सह्याद्रीतल्या गडांवर मुक्कामाला जाणाऱ्यांनी हौसेने आणलेली स्वीडिश कुऱ्हाड पिशवीतच राहिलेली बरी. तिथे लहान गॅसची शेगडी पुरते, आणि करवंदीच्या जाळीत कोयता कुऱ्हाडीपेक्षा सरस ठरतो.

चांगली हातकुऱ्हाड मात्र इथेही घडते. घिसाडी कुटुंबे रस्त्याकडेला पाल ठोकून भाता लावतात. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि समोर उभी राहून बाई घण घालते. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगचा पाटा मिळाला तर तो घ्यावा, कारण त्याचे पोलाद धार धरते. सळईच्या मऊ लोखंडाची कुऱ्हाड दिसायला तशीच असते, पण दोन दिवसांत धार दुमडते. कानस फिरवून पाहिली की कळते. पाणी दिलेल्या धारेवरून कानस घसरू पाहते, मऊ लोखंडात ती सहज चावते.

या अवजाराने मराठीला एक सरकारी शब्दही दिला आहे. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांनी नशाबंदी, चराईबंदी आणि श्रमदानाबरोबर ‘कुऱ्हाडबंदी’ पाळली, आणि पुढे आदर्श गाव योजनेच्या अटींतही ती आली. तिचा रोख उभे, हिरवे झाड तोडण्यावर आहे.