लिआहाख धार

लिआहाख : स्कॉटलंडच्या वायव्य भागातील टॉरिडन परिसरातला वालुकाश्माचा लांबट डोंगर व त्याच्या माथ्यावरून होणारी दिवसभराची चाल. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ ‘करडा’ असा आहे. डोंगर मात्र तांबूस दिसतो आणि करडेपणा आढळतो तो माथ्यावरच्या कठीण, फिकट खडकाच्या म्हणजे क्वार्ट्‌झाइटच्या थरात. सर्वोच्च शिखर स्पिजन अ खोरे ले (१,०५५ मी.) असून पश्चिमेला मुल्लाख अन राहिन (१,०२३ मी.) हे दुसरे मोठे शिखर आहे.

नाशिकच्या भटक्यांना ही उंची किरकोळ वाटण्याचा संभव आहे, कारण सातमाळा रांगेतील धोडपच १,४७२ मी. उंच आहे. परंतु नाशिक शहर मुळात सुमारे ६०० मी. उंचीवर वसले आहे, तर टॉरिडनचा रस्ता जवळजवळ समुद्रसपाटीवरून जातो. त्यामुळे तेथे हजारभर मीटरांची चढाई सलग अंगावर येते.

दोन्ही डोंगरांत खडकाचे थर बहुतांशी आडवे आहेत, आणि म्हणून दोन्हींचे उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सातमाळ्याचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. टॉरिडनचा वालुकाश्म सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूपासून बनला. खरा फरक कोरणाऱ्या हत्याराचा आहे. सातमाळा पावसाने आणि ओढ्यांनी झिजवला. लिआहाखच्या बाजूंना हिमनद्यांनी पोखरले : गोठणाऱ्या पाण्याने खडक फुटत गेला, सरकत्या बर्फाने तो उपसून नेला आणि खोल हिमगव्हरे (डोंगराच्या कुशीतले वाटीसारखे खळगे) तयार झाली. या गव्हरांची पाठीमागची भिंत अशी मागे सरकत गेल्याने मध्ये उरलेला डोंगर पातळ होत धारेसारखा झाला. भूगोलात या भूरूपाला शुककूट म्हणतात. तेथील शेवटच्या हिमनद्या सुमारे ११,५०० वर्षांपूर्वी वितळल्या.

चाल बहुधा पूर्वेकडून सुरू करतात. खडा चढ संपल्यावर धार लागते आणि मुख्य शिखराभोवती क्वार्ट्‌झाइटच्या सुट्या धोंड्यांवरून तोल सांभाळत जावे लागते. त्यापुढील ‘आम फासारिनेन’ हे सुळके या वाटेचा कस पाहणारे आहेत. माथ्यावरून गेल्यास हातापायांनी कातळ चढावा लागतो व दृष्टिभय (खोल दरी दिसून वाटणारी भीती) मोठे असते. दक्षिणेच्या अंगाने आडवी वाट आहे, पण ती जागोजागी ढासळलेली आणि अरुंद असल्याने तिला सोपी म्हणणे धाडसाचे होईल.

सातमाळ्यात वाट चुकल्यास गुराख्यांच्या पायवाटेने किंवा एखाद्या नाळेने (कड्यातल्या अरुंद घळीने) पदरात, म्हणजे मधल्या सपाटीवर, उतरण्याची आशा तरी असते. लिआहाखच्या मधल्या टप्प्यात तसा आधार नाही. वरून पाहताना गवताळ पायऱ्याच दिसतात, त्यांमधले कडे दिसत नाहीत. म्हणून धुक्यात थेट खाली उतरू पाहणारा कड्याच्या ओठावर येऊन अडकतो. हिवाळ्यात बर्फकुऱ्हाड व क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे अणकुचीदार खिळे) यांच्या सरावाशिवाय येथे जाऊ नये. सुळके ओलांडल्यावर धार रुंद व गवताळ होते, आणि मुल्लाख अन राहिनवरून दक्षिणेला ओढ्याच्या काठाने, घसाऱ्यावरून (सुट्या दगडांच्या उतारावरून) उतरत रस्ता गाठता येतो.