गालावरून हात, सेकंदाला तीन सेंटिमीटर

स्वतःला गुदगुल्या होत नाहीत. आपला हात कुठे नि केव्हा पडणार याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो, म्हणून त्या स्पर्शाची जाणीव तो दाबून टाकतो. स्वतःच्या चेहऱ्याला मालिश करताना नेमकी हीच अडचण येते. दुसऱ्याच्या हाताइतकं सुख आपल्या हाताने मिळत नाही. ही कसर बरीचशी भरून काढतात वेग आणि लक्ष. तेलाचा नंबर त्यानंतर.

चेहऱ्यावरच्या बारीक लवेच्या कातडीत काही मज्जातंतू हळुवार हात फिरला की जागे होतात. त्यांचं नाव सी-टॅक्टाइल तंतू. हात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर सरकला तर ते चांगला प्रतिसाद देतात, सगळ्यात जास्त साधारण ३ सेंटिमीटरला. खसाखसा चोळलं तर गप्प बसतात. बोटंही त्वचेइतकी, म्हणजे ३२ अंशांच्या आसपास, कोमट हवीत. पौषातल्या सकाळी तासगावकडच्या बागेतून आलात तर तळवे आधी एकमेकांवर घासा. त्याच्याही आधी साबणाने धुवा, कारण द्राक्षावर मोरचूद-गंधकाची फवारणी असते आणि हात डोळ्यांजवळ जाणार आहे.

तेल ४-५ थेंब पुरे. घाण्याचं करडईचं तेल पातळ असल्याने बरं. मुरुमं येणाऱ्यांनी खोबरेल टाळावं, मोहरीचं झोंबतं. सांगलीत राहून तेलात हळद घालायचा मोह होतो खरा, पण उशीच्या अभ्र्यावर बसलेला पिवळा डाग सहज जात नाही.

पाठ टेकून बसा. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांना न लागलेले. सुरुवात मानेपासून: कानामागून मानेच्या कडेने गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत तीनदा हलका हात. चेहऱ्यातली लसिका, म्हणजे ऊतींमधून निथळणारा पातळ द्रव, कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींतून मानेकडेच उतरते, तिच्या वाहिन्या कातडीलगत असतात, म्हणून जोर लावून फायदा नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंना जिथे नाडी लागते तिथे अजिबात दाबू नका. रक्तदाब मोजणारी यंत्रणा तिथे आहे. दाब पडला की ठोके मंदावतात, भोवळ येऊ शकते. डोळ्यांची बुबुळं दाबली तरी ठोके मंदावतात.

मग नाकपुडीपासून कानापर्यंत. अंतर साधारण १२ सेंटिमीटर, म्हणजे चार आकडे मोजायचे. जाताना श्वास सोडा, परतताना हात उचलून श्वास घ्या. हनुवटीपासून कानाकडे आणि कपाळाच्या मध्यापासून कानशिलाकडे तसंच. प्रत्येकी पाचदा. डोळ्याखाली फक्त अनामिका, तीही हाडाच्या कडेवरून.

जोर लावायची जागा एकच. दात आवळले की जबड्याच्या कोपऱ्यावर गोळा येतो, तो चावण्याचा स्नायू. दिवसभर दात आवळणाऱ्यांचा हा बहुधा दुखराच असतो. जबडा सैल सोडून दोन बोटांनी तिथे अर्धा मिनिट गोल फिरवा. तोंड उघडताना कळ येत असेल तर दंतवैद्याला दाखवा.

आता लक्ष. एका स्पर्शाच्या दोन बातम्या मेंदूकडे जातात, एक बोटाची, एक गालाची. वस्तू चाचपणं हे बोटांचं रोजचं काम, म्हणून मन सवयीने तिकडेच जातं. पण सी-टॅक्टाइल तंतू बोटांच्या टोकांत जवळपास नसतातच, ते गालात असतात. तेव्हा गालाला काय लागतंय ते बघायचं: ऊब, ओढ, तेलाचा गुळगुळीतपणा. मन भरकटलं की पुन्हा गालावर. समोर मोबाइल चालू असेल तर हे जमणार नाही.

कातडी बोटाबरोबर ओढली जाऊ लागली तर तेल संपलंय, एक थेंब घ्या. नुसतंच रेटलं तर लाली येते. सकाळची सूज थोडा वेळ उतरते, मात्र चोळून चरबी झडत नाही. पिकलेल्या मुरुमांवर, नागिणीच्या पुरळावर आणि थ्रेडिंग केलेल्या दिवशी हात लावू नका. जबड्याखाली गाठ लागली आणि दोन आठवड्यांत बसली नाही, तर ती चोळत बसण्याऐवजी डॉक्टर गाठा. शेवटी कोमट ओल्या पंच्याने तेल टिपून घ्यायचं, पुसायचं नाही.