उपासात वाचलेली भाकरी

ख्रिस्ती उपासकाळ म्हणजे भस्म बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टर), मधले रविवार सोडून, 40 दिवस. एकादशी आणि रोजे पाळणाऱ्या मराठवाड्यात उपास म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ख्रिस्ती उपासाचा गरिबाच्या हक्काशी असलेला जुना सांधा मात्र चर्चमध्येही कमीच सांगितला जातो.

तो सांधा बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 58व्या अध्यायात आहे. लोक देवाकडे गाऱ्हाणं घालतात, आम्ही उपास करतो तरी तू बघत का नाहीस? उत्तर मिळतं की उपासाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आपल्या मजुरांना पिळता. मला हवा तो उपास म्हणजे जोखड मोडणं, जाचलेल्याला सोडवणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणं. इथे आधी जोखड येतं, भाकरी त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी भाकरीचा भाग अगदी हिशेबाने पाळला. दुसऱ्या शतकातल्या अरिस्तीदेस या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की आपल्यातल्या गरजवंताला द्यायला घरात काही नसलं, तर ख्रिस्ती लोक दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याची सोय करत. त्याच शतकातला रोमचा ख्रिस्ती लेखक हर्मास सांगतो, उपासाला फक्त भाकर-पाणी घ्या, वाचलेल्या जेवणाची किंमत काढा आणि ती विधवेला, अनाथाला द्या. पाचव्या शतकात पोप लिओ उपासाच्या प्रवचनांत हेच बजावत राहिले. पुढे नियम वाढले, काय खावं नि काय खाऊ नये याचेच वाद झाले. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी उपासाचे नियम सैल करताना दानधर्माला पुन्हा प्रायश्चित्ताच्या जोडीला बसवलं.

मराठवाड्यात ही शिकवण आली ती उपाशी माणसांतच. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, ख्रिस्ती धर्मप्रचारक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. तिथे आलेली बरीच घरं अस्पृश्य ठरवलेल्या वस्त्यांतली होती. 1876-78 आणि 1899-1900 चे दुष्काळ त्या पिढ्यांनी भोगले. ज्याच्या चुलीवर रोज तवा चढत नाही, त्याला उपास धर म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

1972 च्या दुष्काळात इथल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्यातूनच रोजगार हमीचा जोर वाढला आणि 1977 साली कायदा झाला. मागेल त्याला काम, तेही हक्काने. यशयाचा क्रम मला या कायद्यात दिसतो.

उपासकाळ येतो तेव्हा बीडकडची हजारो कुटुंबं ऊसतोडीला फडात असतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. पुनरुत्थानाचा सण लवकर आला, तर कित्येक साखर कारखान्यांचा पट्टा तोवर पडलेलाही नसतो, म्हणजे हंगाम संपलेला नसतो.