सीटी स्कॅनचं गणित आणि गेमिंगवालं कार्ड

सीटी स्कॅन, म्हणजे चहूबाजूंनी काढलेल्या एक्स-रेंवरून शरीराच्या आतलं चित्र हिशोबानं काढणं, शोधणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या लॅबमधल्या पहिल्या मशीनला एका स्कॅनचे आकडे गोळा करायलाच 9 दिवस लागायचे, मग त्यातून चित्र काढायला मोठ्या कॉम्प्युटरवर आणखी अडीच तास. 1971 मध्ये लंडनला पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला तेव्हा मात्र खरी रखडपट्टी हिशोबातच होती.

त्याच वर्षी आपले जी. एन. रामचंद्रन (हो, कोलॅजन या प्रथिनाची रचना सांगणारेच) आणि लक्ष्मीनारायणन यांनी फूरिये ट्रान्सफॉर्मचा (आकडे लहरींत मोडायच्या गणिताचा) लांबचा वळसा टाळायची युक्ती छापली, प्रत्येक एक्स-रेच्या आकड्यांवर आधी फिल्टर लावा आणि मग ते ज्या दिशेनं आले त्याच दिशेनं चित्रावर उलटे पसरवा, बस. तो 'राम-लॅक' फिल्टर आजही सॉफ्टवेअरमध्ये असतो, आणि आपल्याकडे त्याचं कुणाला फारसं कौतुक नाही.

पुढे 1984 ला फेल्डकॅम्प वगैरेंनी हेच थ्रीडीत नेलं आणि काम एकदम फुगलं. 512 बाय 512 बाय 512 चा ठोकळा घेतला तर 13 कोटींवर ठिपके, एक्स-रे 496, म्हणजे साधारण 6,600 कोटी वेळा तेच काम, ठिपक्याची सावली कुठं पडते ते काढा, तिथले शेजारचे चार पिक्सेल आणा, सरासरी काढून मिळवा. बेरीज-गुणाकार सोपाच आहे हो, पण पिक्सेल मेमरीत विखुरलेले असतात आणि साध्या प्रोसेसरला ओळीनं ठेवलेला माल आवडतो, इथं मात्र यादीतल्या एकेका वस्तूसाठी वाण्याकडे वेगळी फेरी!

ग्राफिक्सच्या हार्डवेअरला मात्र हेच काम जन्मजात येतं, गेममधल्या भिंतीवर टेक्स्चर (विटांसारखं चित्र) चिकटवताना ते चार पिक्सेलची सरासरीच काढत असतं. 1994 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सच्या मशीनवर ते करून दाखवलं गेलं, पण तसली मशीनं परवडणार कुणाला. 2007 ला एनव्हिडिया कंपनीचं कुडा हे प्रोग्रॅमिंगचं साधन आलं आणि गेमिंगच्या कार्डावर साध्या सी भाषेसारखा कोड चालायला लागला.

मग रॅबिटसीटी नावाची खुली स्पर्धा निघाली, सगळ्यांना एकाच सशाचा डेटा, बघू कुणाचा कोड पळतो. जर्मनीत एर्लांगनच्या मंडळींनी साध्या इंटेल चिपवर हातानं असेम्ब्ली (थेट चिपच्या सूचनांची भाषा) लिहून बरीच मजल मारली. 2013 ला इंटेलच्या हॅसवेल चिपमध्ये विखुरलेला डेटा उचलायची खास 'गॅदर' सूचना आली, पण आतून ते परत एकेकच आणत होतं, त्यामुळं जादू काही झाली नाही.

वेग वाढल्याचा फायदा मात्र भलत्याच ठिकाणी झाला. अंदाज करत करत चित्र सुधारायची पद्धत काचमार्झ या गणितज्ञाच्या 1937 च्या गणितातच होती, फार वेळखाऊ म्हणून स्कॅनरवाल्यांनी ती बाजूला टाकलेली, ती 2008 च्या आसपास परत आली, कारण तिच्यामुळं कमी रेडिएशनमध्येही चित्र बऱ्यापैकी स्वच्छ येतं.