टीव्ही नाटक, बांगलादेशातील

बांगलादेशात 'नाटक' म्हटले की तिसरी घंटा आणि वर जाणारा पडदा डोळ्यांसमोर येत नाही, टीव्हीच येतो. रंगमंचावरच्या प्रयोगाला तिथे 'मंचनाटक' असे वेगळे सांगावे लागते. एका बैठकीत संपते ते नाटक आणि आपण ज्याला मालिका म्हणतो ते 'धाराबाहिक नाटक'. घरात बोलली जाणारी बांगला आणि राष्ट्राची म्हणून मिरवली जाणारी बांगला यांची गाठ या प्रकारात जितकी पडली, तितकी सिनेमातही पडली नाही.

या देशात भाषेचा प्रश्न रक्त सांडून सुटलेला आहे. मार्च १९४८ मध्ये जीनांनी ढाक्यात येऊन पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दूच राहील असे बजावले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी तिथेच बांगलासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. पुढच्याच वर्षी तुरुंगात असलेल्या मुनीर चौधुरींनी या हुतात्म्यांवर 'कबर' हे नाटक लिहिले. कैद्यांनी ते कंदिलाच्या उजेडात केले. ढाक्याचे दूरचित्रवाणी केंद्र २५ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झाले. त्यावरचे पहिले नाटक, १९६५चे 'एकतला दोतला', याच मुनीर चौधुरींचे. डिसेंबर १९७१ मध्ये, स्वातंत्र्य अगदी तोंडावर आले असताना, पाकधार्जिण्यांनी त्यांना घरातून उचलून नेले. ते परतले नाहीत.

सिनेमाने हीच वाट थोडी आधी धरली होती. अब्दुल जब्बार खान यांचा 'मुख ओ मुखोश' (१९५६) हा पूर्व पाकिस्तानातला पहिला बांगला बोलपट. इथल्या दमट हवेत सिनेमा होणारच नाही, असे म्हणणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते, जरी त्याचे उरलेसुरले तांत्रिक काम लाहोरला जाऊन उरकावे लागले. झहीर रायहान यांच्या 'जीबन थेके नेया'मध्ये (१९७०) कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यावर अख्खे घर नाचवणारी एक बाई आहे. ती म्हणजे लष्करशहा, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. 'आमार शोनार बांगला' हे गीत या चित्रपटात आहे. ते राष्ट्रगीत व्हायला अजून अवकाश होता.

टीव्ही नाटकाचा खरा बहर मात्र १९८०च्या दशकातला. वाहिनी एकच, तीही सरकारी; त्यामुळे नाटकाच्या वेळेला सारा देश एकच गोष्ट पाहत असे. लेखक हुमायून अहमद यांच्या 'एइ शब दिन रात्री'ने (१९८५) मध्यमवर्गीय ढाकेकराला त्याचेच जेवणघर दाखवले. त्यांच्याच 'बहुब्रीहि'मध्ये एक पोपट 'तुइ राजाकार' ('तू रझाकार') असे ओरडतो. १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्यांना रझाकार म्हणत, आणि लष्करी राजवटीच्या त्या काळात सरकारी वाहिनीवर हा शब्द माणसाच्या तोंडी घालणे अवघड होते. पोपटाला कोण जाब विचारणार? २०१३ मध्ये ढाक्याच्या शाहबाग चौकातल्या आंदोलनात हीच आरोळी घुमली.

हुमायून अहमद यांचीच 'कोथाओ केउ नेइ' ही मालिका १९९३ मध्ये संपत आली तेव्हा तर प्रेक्षक रस्त्यावर उतरले. असदुज्जमान नूर यांनी रंगवलेला बाकेरभाई हा गल्लीतला दादा खोट्या साक्षीवरून फासावर जाणार, हे कळताच 'बाकेरभाईला काही झालं तर घराघरांत आग पेटेल' अशा घोषणांचे मोर्चे निघाले. लेखकाने शेवट बदलला नाही. नूर पुढे देशाचे सांस्कृतिक मंत्री झाले.

१९९० दशकाच्या अखेरीस खासगी वाहिन्या आल्या आणि नाटकांचे पीक अफाट वाढले, विशेषतः ईदला. त्याबरोबर भाषेचा नवा वाद पेटला. 'खाच्छी' (खातोय) ही प्रमाण बांगला. ढाक्यातला तरुण मात्र बोलताना 'खाइतेसी' म्हणतो. मुस्तफा सरवार फारूकी आणि त्यांच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी हे 'खाइतेसी' बेधडक पडद्यावर आणले. जुन्या जाणत्यांना तो भाषेचा अपमान वाटला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये, म्हणजे भाषा-हुतात्म्यांच्याच महिन्यात, उच्च न्यायालयाने रेडिओ-टीव्हीवर 'विकृत' बांगला वापरू नये असा आदेश दिला. प्रस्तुत लेखकाला यात विकृत काही दिसत नाही. आता नाटके मुख्यतः यूट्यूबवर पाहिली जातात आणि तिथली पात्रे खुशाल 'खाइतेसी' म्हणतात.